तलवार काढायची नाही

५ फेब्रुवारी २००१, सकाळी

आजपासून रोजनिशी. इतिहास लिहिणाऱ्याने स्वतःचाही इतिहास टिपून ठेवावा. पुढच्या लोकांची सोय होते.

छत्तीसगढ हे नवं राज्य होऊन तीन महिने झाले. राजधानी आमचं रायपूर. राज्याला आपला इतिहास पाहिजे, आणि तो पोरांना शिकवण्याआधी मास्तरांना शिकवला पाहिजे. म्हणून इतिहासाची शिक्षक-मार्गदर्शिका निघणार आहे. समितीत मी. भोसले काळाचं प्रकरण माझ्याकडे, पानं चाळीस. ट्रेनिंग कॉलेजात आयुष्य घालवलं मास्तर घडवण्यात. एकही धड घडला नाही, तो दोष मातीचा. आता मात्र अख्ख्या राज्याच्या मास्तरांसमोर अच्युत टेंभेकर.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. रोज दोन पानं. महिन्यात काम फत्ते.

प्रमोदिनीला सांगितलं. ती म्हणाली, पाचले चहा कोण करून देईन, ते बी समितीतच ठरलं का. बायकोला इतिहासाची जाण नाही.

६ फेब्रुवारी

साडेसातला उठलो. अलार्म वाजलाच नाही. मंजिरी म्हणते, पापा, बजा था, आपने ही बंद किया. पोटची पोरगी, आणि बापाशी हिंदीत वाद घालते. पिढी गेली वाया.

१२ फेब्रुवारी

पहिली बैठक. कार्यालय शंकर नगरात, भाड्याच्या बंगल्यात. राज्याचा इतिहास ठरतो तो कुणाच्या तरी बेडरूममध्ये. भिंतीवर अजून त्यांच्या पिंकूची उंची पेन्सिलने नोंदलेली. फायली न्हाणीघरात. तक्रार करणार नाही. मंत्रालयसुद्धा जुन्या हॉस्पिटलातच चाललंय.

अधिकारी धर्मपालजी. माणूस बरा, पण समितीत चक्क शाळामास्तर घेतलेत. ज्यांना शिकवायचं त्यांनाच विचारायचं, काय शिकवू? आरंगकडच्या एका गावची शारदा दीदी म्हणून बाई आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीतून वही काढते. बोलते अर्धी हिंदी, अर्धी छत्तीसगढी. ही राज्याचा इतिहास लिहिणार!

प्रत्येकाने एका वाक्यात ओळख करून द्यायची होती. मी जरा सविस्तर दिली. मूळपुरुष त्र्यंबकजी, नागपूरच्या भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आले, घोडदळाचे प्रमुख. अडीचशे वर्षांचं घराणं. घरात त्यांची तलवार आहे. आणि घराण्याचं ब्रीद तर आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ: 'श्रीमंत सरकार, पागा सज्ज आहे!' हे मी उभं राहून, मराठीतच म्हटलं. पागा म्हणजे घोड्यांचा तबेला, हे त्यांना समजावून सांगावं लागलं. धर्मपालजी अद्भुत म्हणाले आणि घड्याळ बघितलं. वेळेची कदर असलेला माणूस.

मग चहाच्या वेळी शारदा दीदीने विचारलं, सर, आप मन मूल निवासी कहाँ के?

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

१३ फेब्रुवारी

ऐकलं होतं. अडीचशे वर्षं या गावात राहून अजून मूळचे कुठले! मी तात्यापारा मोहल्ल्यात जन्मलो, बूढा तलावात पोहायला शिकलो, आणि कालची ही बाई मला विचारते. खरं सांगायचं तर हा प्रश्न पहिल्यांदा नाही आला. कॉलेजात येतो, बँकेत येतो, नवं राज्य झाल्यापासून तर भाजीवालाही विचारतो. राग येतो, आणि रागाखाली आणखी काहीतरी होतं, ते जास्त वाईट.

म्हणून हे प्रकरण. एकदा छापून आलं की कोणाची टाप नाही विचारायची.

प्रमोदिनीचं म्हणणं, एवढ्या वर्षांत तुमाले छत्तीसगढीचं एक वाक्य बी बोलता येत नाही, तर लोक इचारतीनच ना. मला गरज काय? आम्ही राज्यकर्ते होतो.

२६ मार्च, गुढीपाडवा

शुभ मुहूर्त म्हणून आज लेखनाला आरंभ. नवी फाइल, नवा पेन, मार्जिन आखलेले कागद. दुपारी श्रीखंड जरा जास्त झालं.

संध्याकाळी पहिलं वाक्य झालं. उत्तम झालंय. उद्या दुसरं.

मंडळात भार्गवरावांना भेटलो. आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. यांचे वाडवडील वर्ध्याहून रेल्वेच्या नोकरीला आले. म्हणजे कालपरवा. गाडीतून उतरले, क्वार्टर मिळालं, झाले रायपूरकर! यांच्यात आणि आमच्यात फरक आहे हे यांना कधी कळलं नाही. तरी मोठ्या मनाने सुचवलं की मार्गदर्शिका निघाली की मंडळात छोटासा सत्कार ठेवायला हरकत नाही. शाल, श्रीफळ. ते म्हणाले, येऊ तर द्या भाऊ पुस्तक. हेवा वाटून राहिला त्यांना, स्पष्ट दिसलं.

(वर 'वाटून राहिला' लिहिलं. घरच्या बोलण्याचा परिणाम. प्रकरणात असं होऊ द्यायचं नाही. प्रकरण तर हिंदीतच लिहायचंय.)

९ एप्रिल

बैठक. बाकी सगळ्यांनी प्रकरणं आणली होती. शारदा दीदीचं तर टाइप करून. घाईचं काम सवंग असतं. मी सांगितलं की माझं चिंतन चालू आहे.

धर्मपालजी म्हणाले की पानं मर्यादित आहेत, भोसले काळाला दहा मिळतील. मी मान्य केलं. चाळीस पानं कोणीही लिहील, दहात बसवायला प्रज्ञा लागते.

माझ्या तलवारीबद्दल एक मास्तर विचारत होता, बघायला मिळेल का. मी नियम सांगितला. आमच्याकडे ती वर्षातून एकदाच पेटीतून निघते, खंडेनवमीला. लाल मखमलीचं म्यान, वर हळदकुंकू, झेंडू. म्यानातून मात्र काढायची नाही. काढली तर रक्त मागते. आजोबांनी वडिलांना सांगितलं, वडिलांनी मला. इतक्या वर्षांत कोणी काढली नाही. याला म्हणतात शिस्त. ज्यांच्या घरी सुपं आणि टोपल्या, त्यांना काय कळणार?

आजोबांचा विषय निघाला म्हणून नोंद: शामराव टेंभेकर. रेल्वेत कारकून. उरलेला वेळ गणपतीतली नाटकं. असल्या घराण्यात जन्मून रेल्वेत कारकुनी आणि तोंडाला रंग! तेवढा एक डाग. प्रकरणात उल्लेख टाळणे.

२१ मे

ऊन मरणाचं. कूलरला पाणी नाही, डोक्यात विचार नाहीत. अशा हवेत इतिहास नाही लिहिता येत. भोसलेसुद्धा उन्हाळ्यात मोहीम काढत नसतील.

बैठकीत दहाची दोन पानं झाली. बरं झालं. अर्क थोडाच असतो.

२२ जून

दोन पानं गेली. आता चौकट मिळणार, पानाच्या कोपऱ्यात, सात ओळींची. लोकांना वाटतं मी खट्टू होईन. पुस्तकात सगळ्यात आधी नजर कुठे जाते? चौकटीत! बाकीचा मजकूर कोण वाचतो? धर्मपालजींना नेमकं हेच म्हणायचं असणार, जाहीर बोलता आलं नाही इतकंच.

मात्र एक नवीन थेर काढलंय. प्रत्येक पाठ छापण्याआधी मास्तरांसमोर शिकवून बघायचा. शिकवणार मास्तर आणि लेखकाने बाकावर विद्यार्थी होऊन बसायचं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. माझ्या चौकटीचा पाठ शारदा दीदी घेणार! शिवाय प्रत्येकाने घरून एक जुनी वस्तू आणायची आणि तिच्याबद्दल घरात काय ऐकलं ते सांगायचं. याला इतिहास म्हणतात?

ठीक आहे. वस्तूच पाहिजे ना? दाखवतो.

५ जुलै, सकाळी

तलवार पेटीतून काढली. नमस्कार केला. चादरीत गुंडाळली. प्रमोदिनी तीनदा म्हणाली, नका नेऊ जी ते. काहून नेता? घरची गोष्ट घरी बरी. चेहरा पार उतरला होता. बायका भित्र्या असतात. मंजिरीनेही मध्येच, पापा, एल्बम ले जाइए ना, परदादाजी वाला. आजोबांचा फोटो नेऊ तिथे? कारकुनाचा?

स्कूटरवर उभी धरून नेली. जयस्तंभ चौकात लोक बघत होते. ऊर अभिमानाने भरून आला.

५ जुलै, दुपारी

घडलेलं क्रमाने लिहितो. डोकं थंड आहे.

तीसेक मास्तर बाकांवर. शारदा दीदीने आधी स्वतःची वस्तू दाखवली, काठा, धान मोजायचं लाकडी माप. सासूने सांगितलेली दुष्काळातली कुठलीतरी गोष्ट. मग एकाने अडकित्ता, एकाने घंटा. मास्तर कौतुकाने माना डोलवत होते. मी हसू दाबत होतो. मग माझी पाळी.

चादर उलगडली. मखमल बघून सगळ्यांनी माना उंचावल्या. त्र्यंबकजी, घोडदळ, ब्रीद, सगळं सांगितलं. आवाज चांगला लागला होता. नियमही सांगितला. तेवढ्यात धर्मपालजी, मागे उभे होते ते पुढे आले, दिखाइए तो म्हणाले, आणि मी अडवायच्या आत मूठ धरून ओढली.

मूठ आली. पातं नाही. मुठीखाली बोटभर लाकडाची खुंटी, बास. म्यान आतून भरीव, खुंटी बसण्यापुरतं भोक.

मी तत्काळ खुलासा केला. राज्य खालसा झालं तेव्हा इंग्रजांनी सरदारांची पाती जप्त करून मुठी परत दिल्या असणार. पातं बहुधा लंडनला आहे. मुद्दा नवा आहे, चौकटीची दोन पानं पुन्हा मागता येतील. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मास्तरांची लायकी!

शारदा दीदी हसली नाही. हळूच विचारलं, सर, नइ निकालना हे, अइसन कोन कहिस? का बर कहिस? कोणी सांगितलं, कशासाठी? मी म्हटलं, आजोबांनी. तिने फळ्यावर लिहिलं: किसने कहा? क्यों कहा? आणि म्हणाली, आज का पाठ यही है.

माझा फळ्यावरचा पाठ करून टाकला बाईने.

६ जुलै

घरी येऊन लंडनचा मुद्दा प्रमोदिनीला सांगितला. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवलं. म्हणाली, बसा जरा.

लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला तलवार पुसताना मूठ तिच्या हातात आली. घराण्याची वस्तू मोडली म्हणून रडायले लागली. सासूबाई, म्हणजे माझी आई, हसून हसून बेजार. मग सांगितलं. गणपतीतल्या नाटकाची तलवार ती. शामराव त्यात दरबारी होते, सिंहासनाच्या बाजूला उभे. तलवार काढायचा प्रसंगच नाही, मग पातं कोण करून देतो? तालमीत पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, पोट्टी ओढून पाहत आणि फिदीफिदी हसत, म्हणून आजोबांनी सांगून ठेवलं, काढू नका रे, रक्त मागते.

मी विचारलं, मला काहून नाही सांगितलं? (असंच विचारलं. काहून.)

तर आई म्हणाली होती, अच्युतले सांगू नको बाई. तिसरीत त्याने या तलवारीवर निबंध लिहिला, बक्षीस मिळालं. तवापासून राहून गेलं.

वडिलांना माहीत होतं. त्यांनी पूजा माझ्यासाठी चालू ठेवली. नंतर आईने. नंतर हिने. मंजिरी दारात उभी होती. म्हणाली, पापा, सबको पता था. आपको बुरा लगता ना.

आणि अडीचशे वर्षं? तर शामराव नागपूरहून आले, रेल्वेच्या नोकरीला. गाडीतून उतरले, क्वार्टर मिळालं. भार्गवरावांच्या वडिलांच्या शेजारचंच.

८ जुलै, रविवार

संकल्प: घरात कोणाशी बोलायचं नाही.

चहा मागावा लागला. तेवढं सोडून पाळला.

१६ जुलै

समितीचा राजीनामा द्यायला शंकर नगरला गेलो. मसुदा कडक होता. धर्मपालजींनी तो दुसऱ्याच कुठल्यातरी कागदांत ठेवला आणि हजेरीच्या सहीसाठी रजिस्टर पुढे केलं. सही केली. चौकट शारदा दीदीकडे दिली आहे म्हणे. मागच्या बैठकीतच ठरलं होतं. म्हणजे मी राजीनामा दिला तो कशाचा, हेही कळेना.

निघताना ती बाई मागे आली. तुमच्या घरी येऊ का, आजोबांबद्दल विचारायचंय. मी म्हटलं, मला वेळ नाही. ती म्हणाली, आपसे नहीं सर, भाभीजी से.

२२ जुलै

आली. तीच प्लॅस्टिकची पिशवी. प्रमोदिनीने भार्गवरावांनाही बोलावलं. मी आतल्या खोलीत, काम होतं म्हणून. पेपर वाचत होतो. पान उलटलं नाही.

बाहेर नुसती धमाल. भार्गवरावांचे वडील त्या नाटकात राणी व्हायचे, मिश्या काढायला तयार नसत, म्हणून पदर नाकापर्यंत. मराठी माणसं कमी पडत, म्हणून शामराव पाऱ्यातली पोरं गोळा करत. साहू, देवांगन, कोणी यादव. त्यांना मराठी वाक्यं पाठ करून घेत, रोज ऑफिस सुटल्यावर, ओसरीवर. पोरं आपसात छत्तीसगढीत भांडत आणि स्टेजवर शुद्ध मराठीत मरत. एक धोबी तर पुढे म्हातारपणीसुद्धा गिऱ्हाइकाला म्हणायचा, आज्ञा महाराज. आजोबा त्यांच्याशी बोलत ते छत्तीसगढीत. घरी कधी बोलले नाहीत. की बोलले आणि आम्ही लक्ष दिलं नाही?

शारदा दीदीने विचारलं, शामरावजी का अपना डायलॉग क्या था?

भार्गवराव म्हणाले, एकच तर होता. आणि खाकरून, उभं राहून, खड्या आवाजात:

सरकार, पागा सज्ज आहे!

सगळे टाळ्या वाजवून हसले. प्रमोदिनीसुद्धा. मग तिला आठवलं असावं मी आत आहे, कारण तिचं हसणं एकदम थांबलं.

हे वाक्य आजोबा मला अंघोळ घालताना म्हणायचे. डोक्यावर तांब्या ओतण्याआधी. मी म्हणायचो, सोडा घोडे! मग पाणी. मला वाटायचं सगळ्याच मोठ्या घराण्यांत असंच घालतात अंघोळ.

बाहेर गेलो. मी भार्गवरावांना सांगितलं, नुसतं सरकार नाही, श्रीमंत सरकार आहे. श्रीमंत राहिलं तुमचं. चुकीचं छापून जाईल. शारदा दीदीने दुरुस्ती लिहून घेतली. एवढं करून आत आलो. प्रमोदिनीने न मागता चहा आणून दिला.

२५ ऑक्टोबर, खंडेनवमी

मार्गदर्शिकेची प्रायोगिक आवृत्ती काल आली. कागद हलका, बांधणी त्याहून हलकी. चौकट आहे. पान एकसष्ट, कोपऱ्यात. 'तात्यापारा के शामराव टेंभेकर और उनका नाटक.' खाली: जानकारी, श्रीमती प्रमोदिनी टेंभेकर. माझं नाव नाही. शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत, उद्या कळवीन. 'श्रीमंत सरकार' मात्र बरोबर आहे.

प्रमोदिनीने दोनदा वाचून घेतलं. मीच वाचलं, मोठ्याने. दुसऱ्या वेळी लक्षात आलं. तात्यापारा के. मूळचे कुठले, हे कुठेच नाही. त्या बाईने नंतरही इतक्या वेळा घरी येऊन ते एकदाही विचारलं नाही.

भार्गवराव मंडळात सत्कार ठेवू म्हणाले. प्रमोदिनीचा. शाल मीच माझ्यासाठी आणून ठेवलेली आहे.

सकाळी प्रमोदिनीने चाचरत विचारलं, यंदा ठेवू का जी पूजेले? मी म्हटलं, ठेव. मूठ सैल झाली होती, खुंटीला कागद गुंडाळून म्यानात घट्ट बसवली. हळदकुंकू, झेंडू.

मंजिरीला बजावून सांगितलं, काढायची नाही. रक्त मागते.

हव पापा, मान डोलावत म्हणाली. हसली नाही.